चहातली संयुगं आणि स्तनाचा कर्करोग: गाठीपर्यंत पोहोचतं किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बहिणीचं वय 46. स्तनातली गाठ शस्त्रक्रियेने काढली आहे. रिपोर्टमध्ये हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह (म्हणजे गाठीच्या पेशींवर हार्मोनला धरणाऱ्या जागा आहेत, हर-टू हे प्रथिन जास्त नाही) असं आलंय आणि काखेतल्या एका ग्रंथीत कर्करोग सापडलाय. आता केमोथेरपी सुरू होईल, पुढे रेडिएशन आणि त्यानंतर टॅमॉक्सिफेन, म्हणजे इस्ट्रोजेन हार्मोनचा परिणाम रोखणारं औषध. ती रोज दोन-तीन कप ग्रीन टी पिते. ‘ग्रीन टीमधला घटक स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी मारतो’ अशी बातमी वाचून एका नातेवाइकांनी ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल आणून दिल्या आणि तिने त्या काही दिवस घेतल्याही. चहा चालू ठेवायचा का, कॅप्सूल घ्यायच्या का, बातमीत तथ्य आहे का, आणि तुम्ही स्वतः बचावासाठी ग्रीन टी सुरू करावा का, असं तुम्ही विचारलंय.

आधी उत्तर देतो. चहा चालू ठेवायला हरकत नाही. कॅप्सूल आजच बंद करा. बातमीत तथ्य आहे, पण ते प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीपुरतं आहे. बशीतून माणसाच्या शरीरापर्यंत येताना काय काय घडतं ते बातमीत नसतं, आणि खरा प्रश्न तिथेच आहे. तो नीट समजावून सांगतो, कारण नुसतं ‘घेऊ नका’ म्हटलं की घरात वाद होतो आणि बाटली कपाटात तशीच राहते. मग एखाद्या अशक्त दिवशी ‘घेऊन तर बघू’ म्हणून ती पुन्हा बाहेर येते. असं मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे.

ग्रीन टी आणि काळा चहा एकाच झाडाच्या पानांपासून होतात. पानं खुडल्यावर लगेच वाफवली किंवा भाजली की त्यांतलं एन्झाइम निकामी होतं आणि ‘कॅटेचिन’ या गटातली संयुगं जशीच्या तशी टिकतात. तो ग्रीन टी. काळ्या चहासाठी पानं मळून हवेत ठेवतात, तेव्हा तेच एन्झाइम कॅटेचिनांचं रूपांतर थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन यांत करतं. चहाचा लालसर-तपकिरी रंग त्यांचाच. कॅटेचिनांमध्ये सगळ्यात जास्त प्रमाणात असतं, आणि सगळ्यात जास्त अभ्यासलं गेलंय, ते ईजीसीजी, म्हणजे एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट. बातमीतला ‘घटक’ जवळपास नेहमी हाच असतो. ग्रीन टीच्या एका कपात ते साधारण 50 ते 100 मिलिग्रॅम उतरतं. पानांचा प्रकार, पाण्याची उष्णता आणि पानं किती वेळ भिजली यावर ते बरंच बदलतं. काळ्या चहात ते फारच कमी उरतं. थिआफ्लेविनांवरही प्रयोगशाळेत काम झालंय, पण माणसांतला पुरावा आणखी तोकडा आहे.

प्रयोगशाळेत ईजीसीजी जे करतं ते खरोखर थक्क करणारं आहे, आणि संशोधकांचं कुतूहल मला पूर्णपणे रास्त वाटतं. कर्करोगाच्या पेशीवर 67 किलोडाल्टनचा लॅमिनिन रिसेप्टर असतो, त्याला ते चिकटतं. हे जपानमधल्या संशोधकांनी 2004 मध्ये दाखवलं. पेशीतली नको असलेली प्रथिनं मोडणारी यंत्रणा, प्रोटिअसोम, ते अडवतं. गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखतं. स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी 1999 मध्ये उंदरांना पाण्याऐवजी ग्रीन टी पाजून ही रोखलेली वाढ पाहिली होती. त्याहून लक्षवेधी काम डीएनएवरच्या मिथाइल खुणांचं आहे. काही स्तनकर्करोगांत इस्ट्रोजेन रिसेप्टरचं जनुक अशा खुणांनी ‘गप्प’ केलेलं असतं. त्यामुळे टॅमॉक्सिफेनसारख्या औषधाला धरायला जागाच उरत नाही. एमडीए-एमबी-231 नावाच्या रिसेप्टर-निगेटिव्ह पेशींवर ईजीसीजी टाकल्यावर हे जनुक काही अंशी पुन्हा जागं झालं. हे माणसात घडवता आलं, तर हार्मोनच्या औषधांना दाद न देणाऱ्या कर्करोगांसाठी नवा रस्ता उघडेल. म्हणून या विषयाला मी थोतांड म्हणत नाही.

आता बशीतल्या मात्रेकडे बघा. या प्रयोगांत पेशींभोवतीच्या द्रवात ईजीसीजी बहुतेक वेळा 10 ते 100 मायक्रोमोलर (द्रवात रेणू किती दाट आहेत याचं माप) इतकं असतं. दोन-तीन कप ग्रीन टी प्यायल्यावर रक्तात त्याची पातळी चढते ती बहुधा 1 मायक्रोमोलरच्याही खाली राहते, आणि काही तासांत तीही उतरते. म्हणजे फरक दहापट ते शंभरपट, कधी त्याहूनही जास्त. कपांची संख्या वाढवून तो भरून निघत नाही, कारण अडचण शोषणात आहे. ईजीसीजीचा रेणू मोठा आणि पाणी धरून ठेवणारा, त्यामुळे तो आतड्याच्या भिंतीतून मुश्किलीने आत शिरतो. जो शिरतो त्यातला काही भाग पेशी परत आतड्यात ढकलतात. उरलेल्यावर आतडं आणि यकृत मिथाइल, सल्फेट, ग्लुकुरोनाइड असे गट चढवून तो बाहेर टाकायच्या मार्गाला लावतात. बाकीचा मोठा वाटा मोठ्या आतड्यात जातो आणि तिथले जिवाणू त्याचे तुकडे करतात. बशीतल्या पेशींना यातल्या कशातूनच जावं लागत नाही.

दुसरी गोष्टही सांगायला हवी, कारण ती बातम्यांत कधीच येत नाही. बशीतल्या द्रवात ईजीसीजी स्थिर राहत नाही. हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची प्रक्रिया होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, आणि हायड्रोजन पेरॉक्साइड कोणत्याही पेशीला मारतं. ते मोडणारं कॅटालेज हे एन्झाइम द्रवात मिसळलं की काही प्रयोगांत ‘कर्करोगाच्या पेशी मारण्याचा’ परिणाम बराचसा नाहीसा झाला. तेव्हा बशीत मेलेल्या पेशींचं सगळं श्रेय चहाला देता येत नाही.

गाठीपर्यंत खरोखर काही पोहोचतं का, हेही तपासलं गेलंय. मिलानमधल्या एका अभ्यासात स्तनाचा कर्करोग असलेल्या 12 स्त्रियांना शस्त्रक्रियेआधी चार आठवडे, शोषण सुधारलेल्या स्वरूपातला ग्रीन टीचा अर्क दिला आणि काढलेल्या गाठीत ईजीसीजी शोधलं. ते सापडलं, पण एका ग्रॅम ऊतीमागे काही नॅनोग्रॅम इतकंच. ‘पोहोचतं’ हे कळलं याचा आनंद आहे. मात्र बशीतल्या मात्रेच्या आसपासही ते नाही.

‘पण जपानमध्ये चहा पिणाऱ्या बायकांना कमी होतो ना?’ हा प्रश्न दवाखान्यात हमखास येतो. त्यामागे काही खरे आकडे आहेत. सायतामा इथल्या 472 रुग्णांचा अभ्यास 1998 मध्ये आला. पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यातल्या रुग्णांमध्ये रोज पाच किंवा अधिक कप पिणाऱ्यांत कर्करोग परतण्याचं प्रमाण 16.7 टक्के होतं आणि चार किंवा कमी कप पिणाऱ्यांत 24.3 टक्के. तिसऱ्या टप्प्यात फरक दिसला नाही. हे आकडे आशादायक आहेत. पण अशा अभ्यासात कोणी किती चहा प्यायचा हे संशोधक ठरवत नाहीत. जास्त चहा पिणारी स्त्री कदाचित दारू कमी घेते, तिचं वजन आटोक्यात असतं, तपासण्या वेळेवर होतात. फरक चहाचा की या सगळ्याचा, ते वेगळं काढणं फार अवघड असतं. त्याच देशात आधी निरोगी असलेल्या सुमारे 54 हजार स्त्रियांचा अनेक वर्षं मागोवा घेणाऱ्या अभ्यासात (2010) ग्रीन टी आणि स्तनाचा कर्करोग होण्याचा काही संबंध आढळला नाही. जगभरातले अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या 2020 च्या आढाव्यात 142 अभ्यास आणि 11 लाखांहून अधिक माणसं होती. ग्रीन टी कर्करोग टाळतो असं म्हणण्याइतका एकसंध पुरावा त्यातूनही मिळाला नाही. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली अन्न आणि औषध नियामक संस्था) तर 2005 मध्येच, ग्रीन टीमुळे स्तनाच्या कर्करोगाचा धोका कमी होण्याची शक्यता अत्यंत कमी आहे, असा निष्कर्ष दिला होता.

निरीक्षणाच्या या मर्यादा ओलांडायच्या तर चिठ्ठ्या टाकल्यासारखी गटवारी करून चाचणी घ्यावी लागते. तशी मोठी चाचणी अमेरिकेतल्या मिनेसोटात झाली. पाळी गेलेल्या आणि मॅमोग्राममध्ये स्तनांची घनता जास्त असलेल्या 1,075 स्त्रियांना वर्षभर रोज 843 मिलिग्रॅम ईजीसीजी असलेला अर्क किंवा प्लासिबो (दिसायला तसंच, पण औषध नसलेलं) दिला. घनता जास्त असणं हा कर्करोगाचा एक जोखीमघटक आहे, म्हणून ती मोजली. एकूण गटात अर्काने घनतेत फरक पडला नाही. 50 ते 55 वयाच्या स्त्रियांत थोडी घट दिसली, पण गटाचे तुकडे करून मिळालेला असा निकाल पुन्हा नव्या चाचणीत दिसल्याशिवाय त्यावर उपचार उभा करता येत नाही.

याच चाचणीतून तुमच्या कामाची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढे आली, ती यकृताबद्दल. अर्क घेणाऱ्या सुमारे 5 टक्के स्त्रियांत एएलटी हे यकृताचं एन्झाइम (रिपोर्टवर ते बहुधा एसजीपीटी म्हणून छापलेलं असतं) लक्षणीय वाढलं. प्लासिबो गटात हे प्रमाण 1 टक्क्याहून कमी होतं. अर्क थांबवला की एन्झाइम उतरत होतं, पुन्हा दिला की चढत होतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2018 मध्ये सगळा पुरावा तपासून सांगितलं की, रोज 800 मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक ईजीसीजी पूरक गोळ्यांतून घेतल्यास यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात. उकळत्या पाण्यात पानं टाकून केलेल्या नेहमीच्या चहाला त्यांनी सर्वसाधारणपणे सुरक्षित म्हटलं. काही लोकांत तर याहून कमी मात्रेनेही यकृताला तीव्र सूज आलेली आहे. त्यांतल्या बऱ्याच जणांत एचएलए-बी 35:01 हा जनुकाचा प्रकार आढळतो. कोणात तो आहे हे बाहेरून कळत नाही, आणि उपाशी पोटी अर्क घेतल्यास धोका आणखी वाढतो.

हा धोका तुमच्या बहिणीसाठी निरोगी माणसापेक्षा मोठा आहे. डॉक्सोरुबिसिन, पॅक्लिटॅक्सेल, डोसिटॅक्सेल या स्तनाच्या कर्करोगातल्या मुख्य औषधांचा निचरा यकृतातून होतो. केमोच्या प्रत्येक फेरीआधी रक्ताच्या तपासण्या होतात त्या काही अंशी यासाठीच. एसजीपीटी वाढलेलं दिसलं, तर डॉक्टरांना मात्रा कमी करावी लागते किंवा फेरी पुढे ढकलावी लागते. मग केमोमुळे वाढलं की आणखी कशामुळे, हे शोधण्यात दिवस जातात. ज्या कॅप्सूलचा फायदा सिद्ध झालेला नाही, तिच्यापायी फायदा सिद्ध झालेल्या औषधाची मात्रा कापली जावी, याचं मला फार वाईट वाटतं. तिच्यासारख्या कर्करोगात पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतल्याने स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोका साधारण एक तृतीयांशाने घटतो. चहाच्या कोणत्याही संयुगाबद्दल याच्या जवळपास जाणारं काहीही आपल्या हाती नाही.

नैसर्गिक पदार्थ औषधाच्या कामात आडवा येऊ शकतो, याचं स्पष्ट उदाहरण रक्ताच्या एका कर्करोगातून मिळतं. मल्टिपल मायलोमात बोर्टेझोमिब हे औषध देतात. ईजीसीजी थेट त्या औषधाच्या बोरॉनच्या टोकाला चिकटतं आणि औषध निष्प्रभ होतं, असं 2009 मध्ये पेशींवर आणि उंदरांवर दिसलं. तुमच्या बहिणीला हे औषध मिळणार नाही. टॅमॉक्सिफेनबाबत तर नेदरलँड्समधल्या एका छोट्या अभ्यासात ग्रीन टीच्या अर्कामुळे एन्डॉक्सिफेनची (टॅमॉक्सिफेनचं शरीरात तयार होणारं प्रभावी रूप) रक्तातली पातळी घटली नाही, ही दिलाशाची बाब. तरी तिच्या सगळ्या औषधांसोबत अर्क तपासलेला नाही, आणि उपचाराच्या मध्यावर ती तपासणी तिच्यावर व्हावी असं मला वाटत नाही.

वनस्पतीतून आलेलं औषध आम्ही डॉक्टर मानत नाही, असा समज कोणाचा असेल तर तो काढून टाका. पॅक्लिटॅक्सेल मुळात पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून मिळालं आणि 1994 पासून स्तनाच्या कर्करोगात अधिकृतपणे वापरात आहे. पण सालीचा काढा कोणी देत नाही. रेणू वेगळा केला, मात्रा ठरवली, शिरेतून दिला, दुष्परिणाम मोजले, मगच तो औषध झाला. ईजीसीजी या वाटेवर फार मागे आहे. हार्मोन रिसेप्टर निगेटिव्ह कर्करोग होऊन गेलेल्या 40 स्त्रियांवर शुद्ध केलेल्या अर्काची प्राथमिक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2012 मध्ये आले, आणि सोसवणारी कमाल मात्रा दिवसातून दोनदा 600 मिलिग्रॅम ईजीसीजी अशी निघाली. ती चाचणी कर्करोग परतणं थांबतं का हे बघण्यासाठी नव्हतीच.

आता ज्या बाबतीत मी मनापासून आशावादी आहे ते सांगतो. ईजीसीजीची अडचण पोटातून गाठीपर्यंत पोहोचण्याची आहे, तर जिथे ते थेट लावता येईल तिथे काय होतं? तिथे चित्र बदलतं. ग्रीन टीच्या कॅटेचिनांचं मलम जननेंद्रियांवरच्या चामखिळींसाठी एफडीएने 2006 मध्ये मंजूर केलं. आणि स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी तर थेट उपयोगाची चाचणी चीनमधल्या शानडोंग इथे झाली. शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन घेणाऱ्या स्त्रियांच्या त्वचेवर पहिल्या दिवसापासून रेडिएशन संपल्यावर दोन आठवड्यांपर्यंत ईजीसीजीचं द्रावण फवारलं. 2022 मध्ये निष्कर्ष आले तेव्हा 165 स्त्रियांची माहिती तपासता आली. त्वचा लालभडक होऊन सोलवटण्याचा मध्यम किंवा तीव्र त्रास ईजीसीजी गटात 50.5 टक्के स्त्रियांना झाला, प्लासिबो गटात 72.2 टक्के. जळजळ, खाज, दुखणंही कमी होतं. त्या द्रावणाची मात्रा लक्षात घ्या: 660 मायक्रोमोलर. रक्तात 1 मायक्रोमोलर गाठायची मारामार, आणि इथे त्याच्या कित्येक शेपट मात्रा जिथे हवी तिथेच. गाठीवर याचा उपचार झाला नाही, त्वचेचं रक्षण झालं. पण रेडिएशनच्या चौथ्या-पाचव्या आठवड्यात कपड्याचा स्पर्शही नकोसा होतो तेव्हा हा दिलासा छोटा नसतो.

हे द्रावण तुमच्या केंद्रात मिळतं का, तशी चाचणी सुरू आहे का, हे रेडिएशनच्या डॉक्टरांना जरूर विचारा. घरी उकळलेला चहा थंड करून त्वचेवर मात्र लावू नका. त्याची मात्रा ठरलेली नसते, तो निर्जंतुक नसतो, आणि रेडिएशनमध्ये सोलवटलेल्या त्वचेला जंतुसंसर्ग पटकन होतो.

पोहोचवण्याच्या प्रश्नावरही काम चाललंय. सिंगापूरमधल्या संशोधकांनी 2014 मध्ये ईजीसीजीपासूनच अतिसूक्ष्म कवच बनवलं आणि त्यात ट्रास्टुझुमॅब हे हर-टू पॉझिटिव्ह कर्करोगाचं औषध भरलं. उंदरांमध्ये हे मिश्रण नुसत्या औषधापेक्षा जास्त परिणामकारक ठरलं. मला यातली दिशा आवडते, कारण इथे संशोधकांनी शोषणाची अडचण मान्य करून तिच्यावरच उपाय शोधला. कॅप्सूलमध्ये फक्त अर्क वाढवून ती सुटत नाही.

बहिणीच्या कपाबद्दल थोडं व्यवहाराचं. दिवसाला दोन-तीन कप ठीक. केमोमध्ये हिमोग्लोबिन उतरतं आणि चहा जेवणातलं लोह शोषू देत नाही, म्हणून चहा आणि जेवण यांत तासाभराचं अंतर ठेवा. लोहाच्या गोळीसोबत तर चहा नकोच. संध्याकाळनंतर टाळला तर बरं, कारण केमोसोबत दिल्या जाणाऱ्या स्टिरॉइडने झोप आधीच उडालेली असते. वाफाळता चहा जरा निवू द्या. 65 अंश सेल्सिअसहून गरम पेयांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 मध्ये अन्ननलिकेच्या संदर्भात ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटलं आहे, आणि केमोत तोंड सोललेलं असताना गरम पेय तसंही सोसत नाही. मळमळीच्या दिवसांत चहा नकोसा वाटला तर आग्रह करू नका. दुधाने कॅटेचिनं ‘मरतात’ का यावरचे अभ्यास लहान आणि परस्परविरोधी आहेत. तिला जसा आवडतो तसा पिऊ दे.

तुमच्या स्वतःच्या प्रश्नाला ग्रीन टी हे उत्तर नाही. आवडत असेल तर प्या. पण सख्ख्या बहिणीला 46 व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला आहे, म्हणजे तुमची तपासणी कधी सुरू करायची हे आता ठरवायला हवं. पन्नाशीच्या आत निदान झालेल्या स्त्रियांना बीआरसीए जनुकांची (ज्यांतला आनुवंशिक दोष स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवतो) चाचणी सुचवली जाते, म्हणून आधी बहिणीच्या डॉक्टरांना त्याबद्दल विचारा. तिच्या निकालावर तुमच्या तपासण्यांचं वेळापत्रक बरंच अवलंबून असेल. वजन, व्यायाम आणि दारू या तीन गोष्टींवर तुमचा जेवढा ताबा आहे, तेवढा फरक त्या चहापेक्षा खात्रीने पाडतात.

आणि त्या कॅप्सूलबद्दल. घेतल्या आहेत हे केमोच्या डॉक्टरांपासून लपवू नका, नातेवाइकांना ओशाळं वाटेल म्हणूनही नाही. बाटली सोबत न्या, म्हणजे एका कॅप्सूलमध्ये ईजीसीजी किती आहे आणि त्यात आणखी काय मिसळलंय ते लेबलवरून पाहता येईल. लेबलवर नुसतं ‘ग्रीन टी अर्क’ असेल आणि ईजीसीजीचं प्रमाण नसेल, तर तेही सांगा. पहिल्या फेरीआधीच्या रक्ततपासणीत एसजीपीटी, एसजीओटी आणि बिलिरुबिन या यकृताच्या तपासण्या आहेत ना, हे बघा. लघवी गडद पिवळी होणं, डोळे पिवळे दिसणं, अंगाला खाज, उजव्या बरगडीखाली दुखणं किंवा अन्नावरची वासना एकदम उडणं, यांपैकी काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. केमो सुरू झाल्यावर भूक मंदावणं नेहमीचं असतं, पण डोळ्यांतला पिवळेपणा किंवा गडद लघवी केमोच्या माथी मारून घरी थांबू नका.